कबुली देणारे चाचा

"माह्याच हातून झालं असन," चाचा म्हणायचे आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा कामाला लागायचे. प्रिंटरमध्ये कागद अडको, कपाटाची किल्ली हरवो, ऑफिसात आवाज चढला की हे वाक्य ठरलेलं. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. लोक त्याला देवमाणूस म्हणतात. माझं मात्र डोकं फिरायचं. बिघाड शोधणं हे माझं काम, आणि इथे तपासाआधीच आरोपी हजर.

मेहकरला शेतकऱ्यांच्या एका संस्थेत चाचा नोंदी करायचे, मी कॉम्प्युटर सांभाळायचो. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली त्या हंगामात गावोगावच्या तक्रारी मेलवर येत. सगळ्यांना पाहता याव्यात म्हणून मी मेलच्या सर्व्हरवर एक सामाईक फोल्डर केलं होतं. त्यात किडक्या बोंडांचे आणि बियाण्याच्या पिशवीवरच्या लॉट नंबरचे फोटो. पेरणी झाल्यावर पिशवी कोण जपून ठेवतो? भरपाई मागताना फोटो हाच पुरावा.

एक दिवस फोल्डर गायब, सगळ्यांच्याच मेलमधून. कोणी काय पुसलं याची सर्व्हरवरची नोंद मी उघडणार, तेवढ्यात मागून चाचा म्हणाले, "सकाळी मी कायबाय पुसून राह्यलो होतो. माह्याच हातून झालं असन."

"असेल की आहे, चाचा?"

"त्यानं काय फरक पडते? तू आण ना वापस."

आणलं, सर्व्हरच्या कचरापेटीतून. सामाईक फोल्डर एकाने पुसलं की सगळ्यांचं जातं, हे त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. त्यांनी मान डोलावली. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा कबुली. "काऊन चिडतं बे? चूक झाली, खतम." मी इतका खेकसलो की शेजारचा दुकानदार डोकावून गेला.

तिसऱ्या वेळी मध्ये दिवाळीची सुट्टी आली. कळेपर्यंत कचरापेटीही रिकामी झाली होती. सुलतानपूरच्या शेतकऱ्यांच्या भरपाईची सुनावणी आठवड्यावर आलेली, आणि अळीला कंटाळून त्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून हरभरा पेरलेला. जुने फोटो त्यांच्या मोबाइलमधूनही पुसले गेले होते; नवे काढायचे कशाचे? चाचांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. संस्थेच्या साहेबांनी त्याच दिवशी त्यांना कामावरून काढलं. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात नवं फोल्डरही गेलं. आता कबूल करायला कोणी नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मी नोंद नीट वाचली. जागा पुरत नाही म्हणून दर महिन्याला जड फोल्डर आपोआप काढून टाकायची सोय मीच लावून ठेवली होती. फोटोंनी हे फोल्डर जड झालं होतं. चाचांनी ते कधीच पुसलं नव्हतं.

खामगावला गाडी बदलून मी जळगाव जामोदला त्यांच्या घरी गेलो. चाचा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते. सगळं सांगितलं, माफी मागितली. ते रागावले नाहीत.

"अन् सुलतानपूरवाल्यायचं?"

"पुरावा नाही म्हणून तक्रार फेटाळली."

शेंग हातातच राहिली. "म्हंजे मी हो म्हणलो नसतो, त तुनं शोधलं असतं?"

तिथे खोटं बोलायला हवं होतं. मी हो म्हणालो.

चाचा आता नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि सुलतानपूरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन विचारत राहिले, याचं गेलं? त्याचंही गेलं? प्रत्येक नावाला मला मान हलवावी लागली.