ताटाकडं केलेला पाय

जवळ सरक गं. कागदावर का होईना, पण सरक. दोन वर्षं झाली, नुस्तं "येते, येते" करून राह्यलीस. मंठा काय चंद्रावर हाय का? एका क्लबाच्या पगारावर इतकी वर्षं फुटबॉल खेळलो, एका बादलीत मोजे धुतले, आणि आता तुला एसटीत बसायचा कंटाळा! असो. भांडायला बसले न्हाई. एक गोष्ट सांगायचीय. फोनवर बोलायला गेले की भलतंच बोलून फोन ठेवते, म्हणून लिहून राह्यले.

आपल्या भागातल्या चार पोरी आता बाहेरच्या क्लबांत खेळतात. सुट्टीला गावी आल्या की माझ्याकडं येतात. मैदानातलं त्यांचा कोच बघतो, मैदानाबाहेरचं मी. करार वाचल्याबिगर सही करायची न्हाई. पेपरवाल्यापुढं मान खाली घालायची न्हाई. घरच्यांनी लग्नाचा विषय काढला तर भांडायचं न्हाई, पण 'हौ' पण म्हणायचं न्हाई. आपल्याला हे कुणी सांगितलं न्हाई, म्हणून मी सांगते. आणि सगळं झाल्यावर खाली बसून एकत्र जेवायचं, हा माझा नियम.

त्यातली एक तीर्थपुरीची. बचावात खेळती, तुझ्याच जागेवर. अंगानं काटक, बोलायला कमी. दारातून "जय भीम, आत्या" म्हणती आणि थेट परात ओढून भाकरी थापायला बसती. दहा दिवसांमागं आल्ती तेव्हा भाकरी तिनं ओट्यापाशी उभ्यानं केल्या. मला वाटलं, शहरात राहून सवय लागली. मंग जेवायला बसलो, तर ही भिंतीला टेकून, डावा पाय लांब सोडून. तळवा थेट शेजारच्या पोरीच्या ताटाकडं.

माझं टाळकंच फिरलं. "काय गं, अन्नाकडं पाय? क्लबात हेच शिकवून राह्यले का?"

एक पोरगी खिदळली. "आत्या, ती आता मोठी प्लेअर झाली. तिला खुर्ची लागती."

"खुर्ची आपल्या घरी. इथं मांडी घाल."

तिनं हातातली भाकर ताटात ठेवली. मंग म्हणली, "हौ आत्या, चुकलं." आणि दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला.

दोन्ही हातांनी. आपलाच पाय कुणी असं पोतं उचलल्यासारखा उचलतं का गं? मी बघितलं, आणि वरण वाढत पुढं गेले. ती अर्धी भाकर टाकून, भिंतीला धरून उठली. त्याच्यावरही मी बोलले, की पानात टाकू नये.

तीन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. "ताई, पोरीचा गुडघा खरबुजागत सुजलाय. कुणाला सांगू नको म्हणती." मी तशीच तीर्थपुरीला गेले. मागच्या कॅम्पात सराव करतानाच तिचा गुडघा फिरला होता, आतून आवाजही आल्ता. क्लबाच्या डॉक्टरला ती "बराबर हाय" म्हणून निघून आल्ती.

"जालन्याला एमआरआय काढू," मी म्हणले.

"नका आत्या. एमआरआय काढला की रिपोर्ट होतो. रिपोर्ट झाला की माझ्या जागी दुसरी. पंधरा दिवसांनी पुढचा कॅम्प हाय, मी पट्टा बांधून खेळीन."

"मंग त्या दिवशी मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही मांडी घाल म्हणल्या. मला वाटलं, घालता आली तर समजायचं, काही झालं न्हाई."

इतकी वर्षं मैदानावर काढून मला पोरीचा गुडघा दिसला न्हाई, ताट दिसलं.

आता खरं लिहिते. तुझा गुडघा गेला, त्या मॅचच्या आदल्या दिवशी तू हॉस्टेलचा जिना बसत बसत उतरून राह्यली होतीस. मी वरून बघितलं. कोचला बोलले न्हाई. तुझ्याबिगर आपला बचाव उघडा पडला असता, म्हणून बिलकुल बोलले न्हाई. तू पट्टा बांधून उतरलीस, आणि त्यानंतर परत खेळली न्हाईस. मी आणखी चार वर्षं खेळले. तुझ्या घरी येऊन कितीदा चहा पिले, पण हे तोंडातून निघालं न्हाई.

ही पोरगी माझं ऐकत न्हाई. "तुमचे गुडघे धड हायत आत्या, तुम्हाला काय कळणार," असं तोंडावर म्हणली, आणि त्यात काय खोटं हाय? तिच्यापुढं तूच बसायला पाहिजेस. पट्टा बांधून खेळल्यावर काय होतं ते तुझ्या तोंडून ऐकू दे, तो टाक्यांचा व्रण बघू दे.

कॅम्पाला आता आठच दिवस राह्यलेत. हे वाचून माझं तोंड बघू वाटलं न्हाई तर मंठ्याला उतरू नको, सरळ तीर्थपुरीला जा, तिची आई स्टँडवर घ्यायला येईल. पण ये गं माय, जल्दी ये.