बाबांचं पहिलं ‘नो’

दुसरबीडला आमच्याकडं मोठ्या माणसानं काही विचारलं की आधी ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हणायची रीत आहे. ती मला इंग्रजीत भोवली. परदेशी गिऱ्हाइकानं फोनवर विचारलं, ‘हळदीत रंग मिसळत नाही ना?’ मी अदबीनं ‘यस’ म्हणाले. तो समजला, मिसळतो! सौदा मोडला. अशा प्रश्नाला इंग्रजीत ‘नो’ म्हणायचं असतं, हे मागाहून कळलं.

औंदा दुसऱ्यानं तेच विचारलं. मी ठणकावलं, ‘नो! नेव्हर!’ शेजारी बसलेले बाबा हादरले, ‘गिऱ्हाइकाले नाही काऊन म्हणतं वं?’ पण सगळी हळद चांगल्या भावानं गेली.

परवा व्यापाऱ्यानं बाबांना विचारलं, ‘तुरीचा भाव थोडा कमी नाही करणार?’ जन्मभर त्याच्यापुढं मान डोलावत आलेले बाबा ताठ बसले आणि गरजले, ‘नो! नेव्हर!’