तळहातावरचं दूध

माप भरण्याआधी तो कॅनमधलं थोडं दूध तळहातावर घ्यायचा, आमच्यासमोर प्यायचा आणि म्हणायचा, "पहिले मी, मंग तुमी." देवळीच्या बाजूनं मोटारसायकलवर पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत येणारा हा दूधवाला कित्येक वर्षं हेच करत होता. आम्ही पातेलं पुढे करायचो आणि त्याच्या तळहाताकडे बघतही नसू.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. असे सेवानिवृत्त मास्तर तुमच्याही गल्लीत असतील. वर्ग सुटला की ते शेजाऱ्यांना शिकवायला घेतात. त्यात नात आमच्याकडे राहायला आली आणि माझ्या मोबाइलवर भेसळीचे व्हिडिओ यायला लागले. युरियाचं दूध, साबणाचं दूध, पिठाचं दूध. नातीनं पेला तोंडाला लावला की मी तो काढून घेऊन आधी वास घ्यायचो. ती भीती मात्र खरी होती.

शेवटी आयोडीन आणलं. दुधात पीठ असेल तर ते निळं होतं, हे मी जन्मभर फळ्यावर लिहिलं होतं. चांगल्या भांड्यात ते औषध नको म्हणून बायकोनं न्हाणीजवळची जुनी वाटी दिली. थेंब टाकला आणि दूध निळं झालं. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं नाही, आनंद झाला. फोटो काढला, गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली 'सावधान' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी एकही दार उघडलं नाही. तो माझ्या फाटकाशी थांबला. मी त्याला आयोडीनचा धडा पहिल्यापासून समजावला. त्यानं तो पूर्ण ऐकून घेतला.

"काऊन मास्तर, रोज तुमच्यासमोर पेतो मी, तरी?" एवढंच विचारलं आणि भरलेले कॅन घेऊन तो परत गेला.

आठवड्यानं मी पाकिटातलं दूध तपासलं. निळं. आता सगळ्या जिल्ह्याला वाचवायचं माझ्याच अंगावर आलं होतं. खात्रीसाठी नळाचं पाणी घेतलं, तर तेही निळं. बायकोला हाक मारली. ती वाटी बघूनच हसायला लागली. सुती साड्यांची पिठाची खळ ती त्याच वाटीत कालवायची, आणि विज्ञानाचे मास्तर ती नुसती विसळून घेत होते.

ग्रुपवर माफी मागितली. तिथे दोन अंगठे आले. मग मान खाली घालून त्याच्या गावी गेलो. त्यानं ओसरीत खाट टाकली. मी सगळं सांगितलं, वाटीसकट. तो रागावला नाही, हसलाही नाही. गल्लीत परत ये म्हटलं, तर म्हणाला, आता सारं दूध डेअरीत घालतो, तिथे यंत्र दूध तपासतं, कोणी तोंडाकडे पाहत नाही.

आतून चहा आला, दाट दुधाचा. मी कप उचलला आणि माझी नजर चहाच्या रंगावर गेली. क्षणभरच, सवयीनं. पण त्यानं ते पाहिलं.

त्यानं माझ्या हातून कप घेतला, थोडा चहा बशीत ओतून प्याला आणि कप परत माझ्या हातात दिला.

"घ्या मास्तर," तो म्हणाला. "मी पेलो."