अनलिमिटेड संपलं आणि यादी लागली

"मैडम, सुना है आप बादल खाली करवा रही हैं. उसमें मेरा भी कुछ रखा है क्या?"

साहूजी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलासमोर उभे होते. ते आमच्या कॉलेजचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद फेकला नाही, असा त्यांचा लौकिक.

"हव साहूजी," मी म्हणाले, "आपका तो बहुत है."

"मैंने तो कुछ रखा ही नहीं."

मी त्यांना माझ्याच कम्प्युटरवर लॉगिन करायला लावलं. त्यांच्या फोनवरचा प्रत्येक फोटो आपोआप कॉलेजच्या खात्यात जाऊन बसत होता. कमळ, उगवता सूर्य, वाफाळती कपबशी, आणि प्रत्येकावर 'सुप्रभात'. कित्येक वर्षांच्या सकाळी तिथे ओळीनं उभ्या होत्या. साहूजींनी चष्मा पुसून परत पाहिलं.

"ये सब अंदर किसने डाला?"

मी रायपूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात सिस्टम ॲडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे इंटरनेट गेलं तर मला फोन, आणि प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच. त्या दिवसांत मात्र माझ्याकडे एकच काम होतं. क्लाउड खाली करायचं.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला कम्प्युटर. आपण आपल्या फायली तिथे ठेवतो आणि इथून उघडतो. शिक्षणसंस्थांना ही जागा कंपनीनं फुकट दिली होती, तीही अनलिमिटेड. स्टाफ मीटिंगमध्ये ही आनंदाची बातमी मीच सांगितली होती. "टाका, काय टाकायचं ते टाका." लोकांनी माझं इतकं मनावर कधीच घेतलं नव्हतं.

मग एक दिवस कंपनीचा मेल आला. अनलिमिटेड बंद. अख्ख्या कॉलेजला मिळून शंभर टीबी. एका टीबीत साधारण दोनशे सिनेमे मावतात, म्हणजे शंभर टीबी काही थोडे नाहीत. पण आमचे अडीचशेच्या वर भरले होते. ठरलेल्या तारखेपर्यंत खाली आलो नाही, तर खातं 'रीड ओन्ली' होणार होतं. जुनं वाचा, नवं काही ठेवता येणार नाही. आणि त्या तारखेनंतर दहा दिवसांनी कॉलेजच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. तिचे सगळे पुरावे त्याच खात्यात चढवायचे होते.

डायरेक्टर श्रीवास्तव सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गजभिये मैडम, अनलिमिटेड का मतलब क्या होता है?"

"जिसकी लिमिट न हो, सर."

"तो ये लिमिट कहाँ से आई?"

"कंपनी से, सर."

"और अनलिमिटेड है, ये हमें किसने बताया था?"

 मी जास्तीची जागा विकत घ्यायचा विषय काढला, तर सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

सगळ्यात सोपं काम मी आधी केलं. पास होऊन गेलेल्या मुलामुलींची खाती बंद केली. त्यांना मेल पाठवले, महिनाभराची मुदत दिली, आठवण दिली, आणि मग खाती काढून टाकली. आकडा बराच उतरला. मी स्वतःवर खूश झाले. (ही खुशी लक्षात ठेवण्यासारखी नव्हती, हे पुढे कळलं.)

मग सगळ्या स्टाफला नम्र मेल केला: अनावश्यक फायली कृपया काढून टाकाव्यात. चार दिवसांनी आकडा पाहिला. तो वाढला होता. शोध घेतला तेव्हा समजलं की मेल वाचून लोक घाबरले, आणि आपापल्या फोल्डरची एकेक कॉपी करून सुरक्षित जागी ठेवून आले. सुरक्षित जागा त्याच क्लाउडमध्ये होती.

तिसरा उपाय म्हणजे मीटिंग. सिव्हिलचे विभागप्रमुख देशकर सर पहिल्या रांगेत बसले होते. ते मूळचे भंडाऱ्याचे, मीही तिकडचीच, म्हणून आम्ही आपसात आपल्या बोलीत बोलतो.

"मॅडम, काहून डिलीट करू जी?" ते म्हणाले. "सारं कामाचंच हाय ना."

"सर, तुमचे लॉकडाऊनचे लेक्चर हायेत चारशे. मी एक लावून पाहिलं. पहिली वीस मिनिटं तुम्ही 'आवाज येते का, आवाज येते का' हेच विचारून राहिले."

"अन् मग?"

"मग आवाज आला, तं तास संपला."

सगळे हसले. कोणी एक फाईल हलवली नाही.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. ॲडमिनिस्ट्रेटरला कोणाच्या फाईलमध्ये काय लिहिलंय ते सहसा बघायचं नसतं, पण कोणत्या फाईलचं नाव काय आणि ती किती मोठी, याचा रिपोर्ट काढता येतो. मी बुधवारी दोन ओळींचा मेल पाठवला. 'सोमवारच्या मीटिंगमध्ये प्रत्येकाच्या सर्वांत मोठ्या वीस फायलींची नावं प्रोजेक्टरवर दाखवली जातील. फक्त नावं. ती का ठेवली आहेत, हे एका वाक्यात सांगावं.'

पुढच्या तासाभरात माझ्या खोलीबाहेर चपलांचा आवाज वाढला.

एक मॅडम आल्या आणि दार लोटून घेतलं. त्यांच्या 'थर्मोडायनॅमिक्स युनिट चार' नावाच्या फोल्डरमध्ये टीव्हीवरच्या एका मालिकेचे सगळे भाग होते. एका सरांकडे 'एक्झाम सेल कॉन्फिडेन्शियल' होतं, त्यात पोट कमी करायचे व्यायाम. एकाच्या फायलींची नावं तर अशी होती: 'फायनल', 'फायनल नया', 'फायनल असली', 'इसको मत छूना'. चारही आतून सारख्याच निघाल्या. मी कोणालाही काही विचारलं नाही. फक्त डिलीट कुठून करायचं आणि ट्रॅश रिकामा कसा करायचा, ते दाखवलं. ट्रॅश रिकामा केल्याशिवाय जागा सुटत नाही. घरातला कचरा डब्यात टाकला तरी डबा घरातच असतो, तसं ते.

गुरुवारी खुद्द डायरेक्टर सर माझ्या खोलीत आले. याआधी ते तिथे कधी आल्याचं मला आठवत नाही.

"मैडम, मेरा भी नाम आएगा?"

"सबका आएगा, सर."

"मेरे यहाँ एक फोल्डर है. 'मूल्यांकन साक्ष्य'."

"जी सर. दूसरे नंबर पर है."

"उसमें... बिटिया की शादी है. तीन कैमरे थे." त्यांनी आवाज खाली आणला. "इसे लिस्ट से हटा दीजिए."

"सर, लिस्ट कंप्यूटर बनाता है. मैं हाथ लगाऊँगी तो पक्षपात हो जाएगा."

 सरांना हसू येत होतं की राग, ते मला ओळखता आलं नाही. "ठीक है. मैं हार्ड डिस्क लाता हूँ," म्हणाले आणि गेले. जाता जाता दारात वळून त्यांनी विचारलं, "दूसरे नंबर पर मैं हूँ, तो पहले पर कौन है?"

पहिल्या ओळीत माणसाचं नाव नव्हतं, नुसतं 'सिस्टम खातं' होतं; ते कोणतं, हे मी अजून पाहिलं नव्हतं. वैयक्तिक खात्यांचा रिपोर्ट निघाला होता, सिस्टमच्या खात्यांचा राहिला होता. शुक्रवारी दुपारी तो काढला, कारण इतकं सगळं रिकामं होऊनही आम्ही शंभराच्या बरेच वर अडकलो होतो.

पहिल्या नंबरवर 'बॅकअप' नावाचं खातं होतं. ते मी बनवलं होतं.

लॉकडाऊनमध्ये मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. स्क्रिप्ट म्हणजे कम्प्युटरला दिलेली कामाची चिठ्ठी. माझी चिठ्ठी सांगत होती: दर रविवारी सगळ्या विभागांच्या फोल्डरांची पूर्ण कॉपी कर. 'मागच्या रविवारची काढून टाक' हे लिहायचं राहून गेलं होतं. कम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. इतकी वर्षं दर रविवारी त्यानं अख्खं कॉलेज उचलून नव्या खोलीत नेऊन ठेवलं होतं. लोकांच्या मालिका, लोकांचे व्यायाम, सगळ्याच्या शेकडो प्रती माझ्या नावावर होत्या.

मी पंखा वाढवला आणि पाणी प्यायले. दोन दिवस मी ज्या लोकांना गालातल्या गालात हसत होते, त्या सगळ्यांची बेरीज माझ्या एका खात्याहून कमी होती.

खरं सांगायचं तर, त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात प्रामाणिकपणाचा विचार आला नाही. शनिवारी अर्धा दिवस असतो, स्टाफ कमी असतो. सकाळी येऊन शेवटची एक कॉपी ठेवायची, बाकी सगळं साफ, आणि सोमवारी यादीत पहिल्या नंबरवर दुसराच कोणी. कोणाला काही कळणार नव्हतं. यादी कम्प्युटरच बनवणार होता, माझा शब्दही खोटा ठरला नसता.

शनिवारी साडेदहाला मी सगळी जुनी फोल्डरं निवडली. डिलीटवर बोट ठेवणार, तोच देशकर सर आत आले. न विचारता खुर्ची ओढून बसले. चेहरा उतरलेला होता.

"मॅडम, मले एक सांगा. तलावाच्या फायली काहून दिसून नाही राहिल्या?"

"कोणच्या फायली, सर?"

"अहो, आपल्या पोट्ट्यांच्या. फोल्डर हाय, फायली नाहीत."

ते काम मला माहीत होतं. रायपूर तलावांचं गाव. देशकर सरांच्या विद्यार्थ्यांच्या तीन बॅचेस दर महिन्याला बूढ़ातालाबपासून पार कॉलनीतल्या डबक्यापर्यंत जाऊन पाण्याचे नमुने घेत होत्या, तपासत होत्या, आकडे भरत होत्या. मेच्या उन्हात डोक्याला गमछा बांधून काठावर उभ्या असलेल्या पोरी मी स्वतः पाहिल्या होत्या. समितीला दाखवण्यासारखं आमच्याकडे जे काही होतं, त्यात हे सगळ्यात वरचं.

आणि मग माझ्या लक्षात आलं. क्लाउडमध्ये फोल्डर कोणाचंही असो, फाईल ती बनवणाऱ्याच्या नावावर राहते. आकडे विद्यार्थ्यांनी भरले होते, म्हणून त्या फायली विद्यार्थ्यांच्या होत्या. ते पास होऊन गेले. मी त्यांची खाती काढली, आणि त्यांच्याबरोबर तलाव गेले. खातं परत आणायची जी थोड्या दिवसांची सवलत असते, तीही संपली होती.

"सर, ते माझ्याकडून झालं," मी म्हणाले, आणि कसं झालं ते सांगितलं.

देशकर सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पोरायले काय सांगू मी? ते अजून फोन करून विचारतात जी, या महिन्याचं पाणी कसं हाय म्हणून."

तेव्हा माझी नजर स्क्रीनवर गेली. निवडलेली शेकडो फोल्डरं निळी होऊन बसली होती. त्यात सिव्हिल विभाग होता. कॉपी बॅकअप खात्यानं केली होती, म्हणून तिची मालकी विद्यार्थ्यांची नव्हती. आणि शेवटची जी एक कॉपी मी ठेवणार होते, ती खाती बंद केल्यानंतरची होती. तिच्यात तलाव नव्हते. बाकी साफ केलं असतं, तर त्यांचा मागमूस उरला नसता.

मी आधी हात माऊसवरून काढला. मग दोन महिने मागचा एक रविवार उघडला. सिव्हिल, तलाव, बॅच एक, दोन, तीन. आकडे होते, फोटो होते, एका पोरीनं शेजारच्या रकान्यात लिहिलेलं 'आज पाण्याला वास जास्त' हेही होतं.

देशकर सर पुढे वाकले. एकेक रकाना बोट ठेवून वाचत गेले. मग त्यांच्या लक्षात दुसरंच आलं.

"मॅडम, हे इतके सारे फोल्डर कोणाचे हायेत?"

"माझे."

"सारेच?"

"सारेच."

ते खुर्चीत मागे टेकले आणि असे हसले की साहूजी बाहेरून डोकावले. "बाप्पा! अन् मले म्हणून राहिल्या होत्या, आवाज येते का!"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. देशकर सरांच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे सगळ्या कॉलेजला ठाऊक आहे. तलावांच्या फायली त्यांच्या खात्यात नीट उतरवून घेतल्या, मग एकेक विभाग तपासून जुन्या प्रती काढायला सुरुवात केली. सोमवारपर्यंत ते संपणार नव्हतं, आणि मी घाईही केली नाही.

सोमवारी प्रोजेक्टर लावला. पहिली ओळ: 'बॅकअप, गजभिये'. लगेच टाळ्या. टाळ्या डायरेक्टर सरांनी सुरू केल्या. त्यांचं 'मूल्यांकन साक्ष्य' आता यादीतच नव्हतं. रविवारी ते स्वतः येऊन लग्न हार्ड डिस्कवर घेऊन गेले होते.

"मैडम, एक वाक्य में बताइए," ते म्हणाले, "क्यों रखा है?"

"सर, डिलीट लिखना भूल गई थी."

ते वाक्य मीटिंगच्या मिनिट्समध्ये नोंदवलं गेलं. साहूजींनी नोंदवलं, म्हणजे ते आता कधीच फेकलं जाणार नाही.

मुदतीच्या चार दिवस आधी आम्ही शंभराच्या खाली आलो. समिती आली, तिनं तलावांचं काम पाहिलं, आणि त्यातल्या एका सदस्यानं मला विचारलं की तुम्ही बॅकअप किती वेळा घेता. मी म्हणाले, दर रविवारी, पूर्ण. त्यांनी 'अतिशय दक्ष' असा शेरा लिहिला. मागच्या बाकावरून देशकर सर खोकले.

या प्रकरणातून मी एक गोष्ट शिकले. लोकांना फायली काढायला लावायच्या असतील, तर विनंतीचा मेल पाठवू नये, नावं वाचून दाखवतो म्हणावं. फक्त तो मेल पाठवायच्या आधी पूर्ण रिपोर्ट काढून घ्यावा, सिस्टमच्या खात्यांसकट.