एक जूनच्या पोरी

नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या त्या बालगृहातल्या बहुतेक मुलींचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा, एक जूनला. जन्मदाखला नसलेलं पोर आलं की अधीक्षक आप्पासाहेब त्याचे दात बघत, उंची बघत आणि रजिस्टरात एक जून लिहून मोकळे होत. शाळेतले गुरुजीही तेच करायचे, त्यामुळे कुणाला वावगं वाटत नसे. वर्ष मात्र आप्पासाहेबांच्या मर्जीवर. खाट रिकामी हवी असली की पोरगी दोन वर्षांनी मोठी व्हायची. अठरा वर्षं भरली की एक पेटी, एक साडी आणि त्यांनीच शोधलेलं स्थळ. एकविसाव्या वर्षापर्यंत अशा मुलींना आधार द्यायची सोय कायद्यात आहे, हे त्यांनी कधी कुणाच्या कानावर घातलं नाही.

तिथली स्वयंपाकीण छबूबाई याच रजिस्टरातून गेलेली. पस्तीस वर्षांपूर्वी आप्पासाहेब नुकते कारकून म्हणून लागले होते. त्यांनी लिहिलेल्या अठराव्या वर्षी तिला नीट नऊवारीसुद्धा नेसता येत नव्हती. चाळिशीतल्या बिजवराशी तिची गाठ मारून दिली. त्यानं बारा वर्षं बडवलं आणि मेला. ती परत येऊन दारात उभी राहिली तेव्हा आप्पासाहेब म्हणाले, "बघ, शेवटी आमच्याच उंबऱ्यावर आलीस."

"व्हय साहेब, जाणार कुठं?"

त्या दिवसापासून ती रोज दोनशे भाकरी थापत होती आणि प्रत्येक भाकरीमागं त्या एका माणसाचं वाटोळं मागत होती.

यंदा पाळी दिशाची होती. पोरीनं बारावी चांगली काढली होती, तिला नर्सिंगला जायचं होतं. आप्पासाहेबांनी राहात्याचं स्थळ काढलं. "पेरूची बाग आहे. तुला आणखी काय पाहिजे?" दोन जूनला साखरपुड्यातच लग्न उरकायचं ठरलं.

मे महिन्यातल्या एका दुपारी दिशाच्या डोक्याला तेल लावता लावता छबूबाईनं विचारलं, "आई काय म्हनायची गं? कवा झालीस तू?"

"हुरड्यात. म्हणायची, आगटीत कणसं टाकली आन् माझ्या पोटात कळ आली."

छबूबाईचा हात थांबला. हुरडा म्हणजे ऐन थंडी. जूनमध्ये तर ज्वारीचं बीसुद्धा रानात नसतं.

"थोरली तूच ना?"

"मीच."

मग पोरगी आजोळीच झाली असणार. पहिलटकरीण माहेरी जाते, हे आप्पासाहेबांच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं. छबूबाई अंगात कणकण आहे म्हणून सुट्टी काढून दिशानं सांगितलेल्या आजोळच्या गावाला एसटीनं गेली. ग्रामपंचायतीत तीन फेऱ्या मारल्या, तेव्हा कुठं गुरुवारी जन्माची नोंद हातात पडली. अठ्ठावीस डिसेंबर, वर्ष तेच. म्हणजे अठराला अजून सात महिने होते.

त्याच संध्याकाळी कागद दाखवला असता तर लग्न मोडलं असतं. पण आप्पासाहेबांनी "नजरचूक झाली" म्हणून खाडाखोड केली असती आणि सुटले असते. छबूबाईला त्यांच्या हातात अक्षता पाहिजे होत्या. तिनं कागद चोळीत घातला आणि तोंड मिटलं.

दिशा तीन दिवस तिच्या मागं चुलीपाशी रडत होती. "मावशी, तुम्ही तरी काहीतरी बोला."

"रडू नको. कणीक मळ."

सोमवारी, दोन जूनला, मुहूर्त साडेअकराचा होता. नगरहून गाडीला दोन तास लागतात, हे धरून छबूबाईनं बरोबर नऊ वाजता बालकल्याण समितीच्या सुमेधा मॅडमना फोन लावला.

बालगृहाच्या अंगणातल्या मांडवात आंतरपाट धरला होता. मुलीच्या बापाच्या जागी आप्पासाहेब फेटा बांधून उभे होते. पहिली मंगलाष्टका संपते न संपते तोच पोलिसांची जीप मांडवाशी येऊन थांबली आणि सुमेधा मॅडम उतरल्या.

"मॅडम, आमच्या रजिस्टरात अठरा पूर्ण आहेत!" आप्पासाहेब ओरडले.

छबूबाईनं सगळ्यांसमोर कागद मॅडमच्या हातात दिला. "साहेब, जूनमधी हुरडा कुठं मिळतो वो?"

नवऱ्या मुलाच्या बापानं डोक्यावरचा फेटा काढला. "आप्पासाहेब, लग्नाला बोलावलं का जेलात घालायला?"

आप्पासाहेबांच्या मुठीतल्या अक्षता घामानं हाताला चिकटल्या होत्या. ते तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "छबू, मी तुझं काय वाकडं केलं होतं?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. छबूबाईच्या मस्तकात तिडीक गेली.

"माजं वय किती, साहेब?"

त्यांची नजर रजिस्टर ठेवलेल्या ऑफिसकडे गेली.

"मला बी ठाव न्हाई. तुमीच लिव्हलं हुतं. आता कोर्टात इचारतील, तवा नीट सांगा."

दुपारी मॅडम दिशाला नगरच्या वसतिगृहात घेऊन निघाल्या. तिथून नर्सिंगचा प्रवेश होणार होता. हळदीचं अंग, हातात पिशवी, अशी पोरगी छबूबाईसमोर आली.

"मावशी, कागद कधी मिळाला?"

"बेस्तरवारी."

"म्हणजे तीन दिवस मला नुसतं रडू दिलंत? हळद लागू दिलीत?"

"तू हसली असतीस तर साहेबाला संशय आला असता."

"माझ्या एकटीच्या कानात सांगायचं होतं."

छबूबाईनं तिच्या पिशवीचा सुटलेला बंद बांधला. "धर राग माज्यावर," ती म्हणाली. "लई दिस पुरतो त्यो."

दिशा पाया न पडताच जीपमध्ये चढली. छबूबाईला ते लागलं. दोन पावलं ती गाडीमागं गेलीही. तेवढ्यात ऑफिसातून आप्पासाहेबांचा रडवेला आवाज आला. ते हवालदाराला एकेका मुलीचं वय समजावून सांगत होते. तशी ती मागं वळली आणि नीट ऐकू यावं म्हणून ऑफिसच्या दाराला टेकून उभी राहिली.