पाऊस मोजणारी बाई

तिनं पदर कमरेला खोचला की समजायचं, आता कोणीतरी मार खाणार. मग ती खाली वाकायची आणि विचारायची, "उचलू काय गोटा?" समोर बकरी असो, दारुडा असो की तालुक्याचा साहेब, प्रश्न तोच.

सोनाळ्याबाहेरच्या टेकडीवर, तारेच्या कुंपणात हवामान केंद्र होतं. केंद्र म्हणजे काय, तर एक पांढरी झडपांची पेटी, तिच्यात तापमापक, आणि पलीकडे पर्जन्यमापक. मी तिथे कृषी सहायक होतो. बाई रोज सकाळी फोनवर आकडे ओरडायची, मी ते वर कळवायचो. फोन नसता तरी तिचा आवाज माझ्यापर्यंत पोचला असता.

हे काम आधी तिच्या नवऱ्याचं. तो पिऊन मारायचा. एक दिवस तिनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्याचा हातच मोडला. "त्याचा हात पिलास्तरात. मंग पाऊस कोन मोजन? म्याच गेली," असं ती हसत हसत सांगायची. हात जुळेपर्यंत त्याला तिनंच घास भरवले, हे मात्र शेजारणीनं सांगितलं. पुढे तो वारला आणि काम तिच्याकडेच राहिलं.

एका आषाढात सातपुड्याच्या पायथ्याशी ढगफुटी झाली. टेकडीवर मात्र पाऊस बेताचाच. केंद्राची नोंद पासष्ट मिलिमीटरच्या वर गेली तरच आसपासच्या गावांत अतिवृष्टी धरतात आणि भरपाई मिळते. बाईच्या मापात एकेचाळीस भरले. फोन बंद पडले होते, म्हणून सकाळी मीच आकडा घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात पायथ्याच्या गावची माणसं ट्रॅक्टर भरून आली. हातात काठ्या, लोखंडी सब्बली. पुढे एक दणकट माणूस, चिखलानं माखलेला.

"बाई, सत्तर लिह्य."

"एकेचाळीस पडला. तेवढाच लिहीन."

"आमचं वावर धुऊन गेलं, बैल वाहून गेले, अन् तू एकेचाळीस सांगून राह्यली?"

"माह्या मापात आभाळानं टाकलं तेवढंच हाय. उचलू काय गोटा?"

गोटे त्यांनीच उचलले. पहिला माझ्या खांद्यावर बसला. दुसऱ्यानं पेटी फुटली आणि तापमापकातला पारा चिखलावर थेंबथेंब पळाला. कोणी कुंपण उपटलं. एकानं पर्जन्यमापकावर सब्बल उगारली, तिला बाईनं उजवा हात आडवा घातला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. ती ओरडली नाही. डाव्या हातानं काठी उचलली आणि त्या दणकट माणसाच्या डोक्यात घातली.

तो मटकन खाली बसला. रक्त डोळ्यांत उतरलं, आणि सगळ्यांदेखत तो हमसून हमसून रडायला लागला. "जोडी गेली वं माय. सोडायले गेलो, त हातात नुसतं दावं राह्यलं."

काठ्या आपोआप खाली आल्या. बाईनं पदर दातात धरून फाडला. एका हातानं कसंबसं त्याचं डोकं बांधलं. "कुठी हाय तुह्यं वावर? चाल, दाव मले."

"आधी दवाखाना," मी म्हणालो.

"तू जाय बे दवाखान्यात!"

वावर नव्हतंच. माती जाऊन खालचा खडक उघडा पडला होता. बाभळीच्या खोडात पाय वर करून एक बैल अडकला होता. तो माणूस लांबच उभा राहिला. बाई जवळ गेली, बैलाच्या पोटावर हात ठेवून थांबली. तिला गप्प पाहिल्याचं मला तेवढंच आठवतं.

दुपारी तालुक्याच्या साहेबांची जीप वावराजवळ आली आणि कोणी न उतरताच परत निघाली. बाई रस्त्यात आडवी झाली.

"केंद्राची नोंद कमी आहे, बाई," साहेब आतूनच म्हणाले. "माझ्या हातात काही नाही."

"नोंद माह्या टेकडीची हाय अन् ते खरी हाय. हे बी खरंच हाय. उतर खाली!"

तिनं दार उघडलं, साहेबांची कॉलर धरली आणि त्यांना चिखलात ओढलं. शिपाई धावला, त्याला तिनं कोपरानं ढकललं. साहेब तोल सावरत उभे राहिले, तर समोर तो बैल. मग त्यांनी तलाठ्याला हाक मारली. पंचनामे संध्याकाळपर्यंत चालले.

बाईवर मात्र सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा दाखल झाला. केंद्र कोणी फोडलं, हेही पोलिसांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "पाऊस होता. दिसलं नाही." पाऊस तेव्हा नव्हताच, हे मला माहीत होतं. तिचं काम गेलं. टेकडीवर आपोआप नोंद करणारं यंत्र बसलं. आता आकडा माझ्या मोबाइलवर मुकाट्यानं येतो.

ती लेकीकडे जानेफळला निघाली, तेव्हा मी स्टँडवर गेलो. हात वाकडाच जुळला होता. तिची पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन आलेला माणूस मी लगेच ओळखला. केसांतून भुवईपर्यंत उतरलेली खोक अजून लालसर होती.

"हळू ठेव बे, भांडे हायेत," ती त्याच्यावर खेकसली. मग वाकड्या हातानं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली आणि एसटीत चढली. गाडी सुटेपर्यंत कंडक्टरशी तिचं भांडण जुंपलंही होतं.

गाडी वळणाआड गेली. तो माणूस तिथेच कपाळ दाबत उभा राहिला.

"ढग आले का ठनकते, साहेब," तो म्हणाला.

मी वर पाहिलं. आभाळात एकही ढग नव्हता.