लाकडातली चांदी आणि विसपुते काका

विसपुते काकांच्या गॅरेजात दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपत नाहीत: लाकडाचा भुसा आणि किस्से. भुसा काकू व्हॅक्यूमने ओढून घेतात. किस्से मात्र आम्हालाच सांभाळावे लागतात, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हे अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या श्रूजबरी गावाला माहीत आहे. तेव्हा ऐका!

आधी काकांची ओळख. वय एकसष्ट, सॉफ्टवेअरमध्ये तीस वर्षं, मूळचे पारोळ्याचे, पिढीजात सोनार. त्यांचे वडील, म्हणजे नाना, आज शहाऐंशीचे. काकांना शेगडीजवळ बसू दिलं नाही ते त्यांनीच. "तू शिक, इंजिनियर हो," म्हणाले. काका इतके शिकले की थेट अमेरिकेत आले, आणि नानांचे हात थकल्यावर दुकान बंद झालं. काका हे हसत सांगतात, पण सांगून झालं की उगाच चष्मा पुसत बसतात.

*

सुरुवात झाली एका यार्ड सेलमध्ये, म्हणजे लोक घरासमोर जुनं सामान मांडून विकतात तिथे. काकू कुंड्या बघत होत्या आणि काकांना एका खोक्यात जुने बोलो टाय सापडले. बोलो टाय म्हणजे गोफासारखी विणलेली चामड्याची दोरी, टोकांना धातूची टोपणं आणि गळ्याशी वरखाली सरकणारा बिल्ला. तिकडे ॲरिझोना-टेक्ससकडे पुरुष मोठ्या झोकात घालतात. काकूंनी एक नजर टाकली. "अहो, आता बुटाची नाडी गळ्यात घालणार का?"

एका बिल्ल्यावर अक्रोडाच्या लाकडात चांदीच्या तारेचं फूल होतं. दोन पाकळ्यांची तार गायब. विकणाऱ्या बाई प्रामाणिक होत्या. "तुटलाय, तसाच घेऊन जा," म्हणाल्या. काकांनी तो उन्हात धरला, बराच वेळ फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हे मशीनचं काम नाही. कोणीतरी मान मोडून बसलं होतं यावर!"

त्या दिवसापासून काका स्वतःची मान मोडून घेतायत. व्हिडिओ बघून, लाकूडकामाच्या क्लबात जाऊन शिकले. आता लोक कुठून कुठून जुने टाय दुरुस्तीला पाठवतात. काका स्वतःचे नवेही करतात. मी आणि नागपूरचा प्रमोद शनिवारी सकाळी शिकाऊ म्हणून हजर असतो.

*

काम दिसायला सोपं आहे. लाकडात केसाएवढी खाच पाडायची, त्यात चांदीची चपटी तार उभी धरून हळूहळू ठोकायची आणि वरून पाणी लावायचं. लाकूड फुगतं आणि तार घट्ट धरून ठेवतं. गोंद नाही, काही नाही!

माझी पहिली वेल ठोकून झाली. पाणीबिणी राहू दे म्हटलं, आधी फोटो काढू. मोबाइल काढेपर्यंत तार टणकन उडाली ती प्रमोदच्या चहात.

प्रमोद म्हणाला, "काका, मी शुगर नको म्हटलं होतं यार, ही चांदी कशाला?"

काका मान वर न करता मला म्हणाले, "घाई तारेला कळते बरं का."

*

आता प्रमोदचा पराक्रम. ॲरिझोनाच्या एका आजोबांनी त्यांच्या वडिलांचा टाय पाठवला होता. मागची क्लिप तेवढी बदलायची होती. काका ऑफिसच्या कॉलवर. प्रमोदने बघितलं, अरे, चांदी काळी पडलीय! पठ्ठ्याने काकूंकडून चिंच मागून घेतली आणि तासभर घासून चांदी निरांजनासारखी लखलखीत केली. "काका, सरप्राइज!"

काका मटकन खुर्चीत बसले. "प्रमोद, तो काळेपणा त्यांच्या बापाच्या अंगाचा होता रे."

जुन्या चांदीवरचा काळसरपणा हीच तिची इज्जत असते, हे प्रमोदला तेव्हा कळलं. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

काकांनी आजोबांना फोन करून खरं काय ते सांगितलं. मग उपाय सुरू. उकडलेलं अंडं कुस्करून चांदीबरोबर डब्यात बंद करून ठेवलं की चांदी परत काळी पडते. पण काकूंच्या घरात अंडं? उंबऱ्याच्या आत नाही! शेवटी प्रमोदने गॅरेजसमोरच्या ड्राइव्हवेवर, बर्फात उभं राहून, कॅम्पिंगच्या स्टोव्हवर अंडी उकडली. पातेलं आपलं नाही ना, एवढंच काकू खिडकीतून तपासत होत्या.

टाय पोचला आणि आजोबांची ईमेल आली: "अगदी डॅडचा दिसतोय. वास ब्रेकफास्टचा येतो, पण तो डॅडच्या अंगालाही यायचा!" प्रमोदने ती प्रिंट करून ऑफिसात लावलीय.

*

आता नाना. प्रत्येक टाय पूर्ण झाला की शनिवारी सकाळी पारोळ्याला व्हिडिओ कॉल. तिकडे तेव्हा संध्याकाळ. नाना फोन नाकाशी धरून बघतात आणि निकाल देतात.

पहिल्या टायला म्हणाले, "चांदी लाकडात? का, डबी मिळाली नाही?"

दुसऱ्याला, "तार हलतेय."

"नाना, व्हिडिओ हलतोय!"

"मग तुझा हात हलतोय."

पाचव्याला नुसतं "हं." त्या एका "हं"वर काका दोन दिवस खूश होते!

मग एका क्राफ्ट शोमध्ये काकांना पहिलं बक्षीस मिळालं, मोठी निळी रिबन. आम्ही टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले. काकांनी टाय आणि रिबन दोन्ही नानांना दाखवलं. नानांनी निरखून बघितलं. "रिबन कोणी शिवली रे? शिलाई चांगली आहे."

माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्ही त्यांना दाखवताच कशाला? इथे सगळे एवढी वाहवा करतायत!"

काका तार सरळ करत होते. "अगं, ह्यांना चांदीतलं काय कळतं? नानांनी एकदा चांगलं म्हणावं, बास. एकसष्ट वर्षं वाट बघतोय मी."

मी झाडू उचलला आणि भुसा झाडला.

*

गेल्या हिवाळ्यात काकांनी खास नानांसाठी टाय केला. चार महिने खपत होते. आंब्याच्या पानांची वेल, आणि पानापानात शिरा! मी आजवर इतकं देखणं काम पाहिलेलं नाही. प्रमोद सुट्टीवर गेला तेव्हा मुंबईहून नागपूरला जाताना मध्ये उतरून पारोळ्याला देऊन आला. नानांनी म्हणे भिंग लावलं, बिल्ला उलटा करून बघितला, आणि चक्क कसोटीच्या दगडावर चांदी घासून पाहिली. सख्ख्या मुलाची चांदी! प्रमोदला चहा पाजला, पण टायबद्दल अवाक्षर नाही.

नंतरचे तीन शनिवार काकांना कॉल लावायचा धीरच झाला नाही. प्रमोद परत आल्यावर काकूंनीच फोन हातात दिला. काका, काकू, प्रमोद आणि मी, चौघं फोनभोवती. नाना सदऱ्यावर टाय घालून बसलेले, जरा तिरका.

"नाना, कसा झालाय?" काकांनी विचारलं.

"दोरी लांब आहे," नाना म्हणाले. "ठेवतो आता."

आणि ठेवला. म्हणजे फोन स्टुलावर ठेवला, कॉल बंद करायचा राहूनच गेला. स्क्रीनवर नुसता छताचा पंखा गरगरत होता.

"जाऊ दे," म्हणत काका लाल बटणाकडे बोट नेत होते, तेवढ्यात तिकडे कोणीतरी आल्याचा आवाज आला. शेजारचे असावेत.

"नाना, हे काय गळ्यात? कुठून आणलं?"

"आणायचं कुठून? आपल्या दुकानातलं काम आहे."

"दुकान? ते तर केव्हाच बंद झालं ना?"

"कोण म्हणतं? कारागीर जरा लांब बसतो, एवढंच."

काकांचं बोट तसंच राहिलं. कॉल कोणीच बंद केला नाही. आम्ही चौघं वीस मिनिटं पारोळ्याचा पंखा बघत बसलो.